खिशातली किटकॅट

चर्चच्या उज्जीवन सभेत, देवानं आपल्याला कसं बदललं याची साक्ष देणारे बरेचसे एकाच साच्यातले असतात. अमुक तारखेपर्यंत दारू, जुगार, मारामाऱ्या आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं बंद. खोटं म्हणत नाही मी. पण मला कधी कुणी साक्ष मागितली नाही, कारण मी पीतच नव्हतो. एस.टी.त कंडक्टर, रविवारी उपासनेला तिसऱ्या बाकावर हजर, कमाईतला दशमांश चर्चला वेळेवर. बदलण्यासारखं आपल्यात काही आहे असं मलाही वाटत नव्हतं.

राहुरी तालुक्यात आमची पावणेचार एकर. वडील गेल्यावर दोघा भावांत वाटली गेली. विहीर सामाईक, मोटार एकच. तीन दिवस दादाची बारी, तीन दिवस माझी, रविवारी मोटारीला सुट्टी. हा नियम वडिलांचा. 2009 च्या मे महिन्यात विहिरीत तासाभराचं पाणी उरलं होतं. लाईट रात्रीची आणि बारी दादाची. त्यानं उपसलं की माझ्या वाटणीला गाळ. माझा ऊस पिवळा पडायला लागला होता. रात्री अकराला गेलो, मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीतली किटकॅट, म्हणजे फ्यूज, उपसली आणि खिशात घातली.

सकाळी दादा तणतणत आला. चार माणसांत मी सांगितलं, "मी रात्री ड्युटीवर होतो, डेपोत विचारा." वीकली ऑफ होता माझा. विचारायला कोण जातंय?

पावसाळ्यात दादानं नांगरताना मधला बांध हातभर कोरला. झालं, अख्ख्या भावकीला दिसलं की थोरलाच वाईट. मी मोजणीचे पैसे भरले. सात वर्षं बोलणं बंद. आईला मातीत ठेवलं तेव्हा पेटीच्या दोन बाजूंना दोघं उभे होतो, नजरेला नजर नाही.

आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत वाटून खायच्या भाकरीचं ताट माझ्या तिसऱ्या बाकावरून सरकत सरकत त्याच्या शेवटच्या बाकापर्यंत जायचं. त्यातली भाकर दोघंही खायचो. एकदाही घशात अडकली नाही.

2016 च्या फेब्रुवारीत पाळकसाहेब रजेवर होते, शास्त्रवाचन माझ्याकडे आलं. बायबलातलं मत्तय, अध्याय पाचवा. लहानपणापासूनचा. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथं तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. मोठ्यानं वाचताना मी थबकलो. 'भावाच्या मनात'. मी इतकी वर्षं हे उलटं धरून बसलो होतो. माझ्या मनात त्याच्याविषयी काही असेल तर मी त्याला क्षमा करायची, असं. आणि क्षमा करायला मी तयारच होतो की! मोठेपणानं.

राहुरीच्या माणसाला टिळक सांगावे लागत नाहीत. 1893 साली रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशानं कवी नारायण वामन टिळकांना नवा करार दिला आणि ते ह्याच अध्यायातल्या, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी गुंतले. 1895 साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पण मला जवळच्या वाटतात त्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्या लगेच नवऱ्यामागे गेल्या नाहीत. त्यांचं सोवळं सुटायला वर्षं लागली, बाप्तिस्मा 1900 मध्ये, आणि हे सगळं त्यांनी स्वतःला हसत हसत लिहून ठेवलंय. उज्जीवन सभेत त्यांची साक्ष चालली असती का, शंकाच आहे.

मीही लगेच उठून गेलो नाही. तीन महिने ताट आलं की नुसतं पुढे सरकवत होतो. बायकोला वाटलं ॲसिडिटी. शेवटी मे महिन्यात पत्र्याची पेटी उघडली. जुन्या तिकीट पंचाखाली किटकॅट होती. का ठेवली होती, देव जाणे.

वहिनी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. दादा बाजेवर. मी किटकॅट त्याच्यापुढे ठेवली.

"म्हाईत व्हतं मला," दादा म्हणाला. "त्या राती तुझ्या बॅटरीचा उजेड वळखीला."

"मग गावात का नाही बोललास?"

"आई म्हन्ली, नोकरीवाला हाये, त्याचं नाव जाईल."

म्हणजे आईलाही ठाऊक होतं. चार वर्षं ती माझ्या हातचा चहा प्यायली आणि काही बोलली नाही. वहिनींनी शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं. मी फोडत बसलो, दुसरं काही सुचेना.

खरं अवघड पुढेच होतं. ज्या चार जणांत खोटं बोललो होतो, त्यांतले दोघं एव्हाना वारले होते. उरलेल्या दोघांना घरी जाऊन सांगितलं. एक म्हणाला, "आता कशाला उकरतो?" दुसऱ्यानं नीट ऐकलं, मग महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही. ते बरोबरच होतं.

मोजणीचा अर्ज मागे घेतला. बांध अजून वाकडाच आहे. बारीवरून आजही वाजतं. गेल्या महिन्यात दादा शिव्या देत निघून गेला. त्या रविवारी भजन संपलं, ताट निघायची वेळ झाली, तर हा मागून उठून पुढे आला आणि तिसऱ्या बाकाशी उभा राहिला.

"सरक की जरा."