पाच चौकटी आणि जी-एच

आपल्या शाळेत एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची, आणि सहावी सरेपर्यंत लाइट, लाफ, गोस्ट हे तीन शब्द वहीत येऊन बसलेले असायचे. तिन्हींत पाचच अक्षरं, तिन्हींत जी-एच ही जोडी, आणि तिन्हींत तिचा उच्चार निराळा. यावर इंग्रजीच्या तासाला शिकवली जाणारी युक्ती आजच्या मुलांनाही तितकीच उपयोगाची आहे. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत सत्कारांच्या फोटोंशेजारी तिलाही पानभर जागा हवी.

साहित्य एवढंच: गणिताची चौकटींची वही. एका शब्दाला पाच चौकटी. शब्द डावीकडून लिहीत जायचा नाही. आधी जी आणि एच जागेवर बसवायचे, मग उरलेल्या तीन चौकटी भरायच्या. हा उलटा क्रम कशासाठी, ते मुलांच्या चुका पाहिल्या की कळतं. राइटचं स्पेलिंग हमखास आर-आय-जी-टी-एच असं होतं. दिस, दॅट, मदर लिहून टी-एचची सवय झालेली असते, त्यामुळे जी उमटला की हात आपणहून तिकडे वळतो. जोडी आधीच बसवली तर टी-एचला शिरायला जागाच उरत नाही.

पाच चौकटींत जोडी चार ठिकाणी बसू शकते. पैकी दुसऱ्या-तिसऱ्या चौकटीत ती रोजच्या शब्दांत सापडत नाही. म्हणजे कप्पे तीनच, आणि कप्पा कळला की उच्चार बहुतांशी कळला.

पहिला कप्पा, जोडी सुरुवातीला: गोस्ट, गूल. (गूल म्हणजे पिशाच्च.) इथे उच्चार नुसता ग. मराठी मूल मात्र ‘घोस्ट’ म्हणतं, आणि त्यात त्याचा दोष नाही. घाटकोपरच्या पाटीवर रोमन लिपीत जी-एच म्हणजे घ हेच ते वाचत आलेलं असतं. जुन्या इंग्रजीत या शब्दात एच नव्हताच. इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने छपाईचं काम आजच्या बेल्जियममधल्या, फ्लेमिश बोलणाऱ्या ब्रूज शहरात केलं आणि 1476मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. त्याच्याबरोबर फ्लेमिश वळणाचा हा एच आला, असं भाषेचे अभ्यासक मानतात. गूल अरबीतून आला. आपले घाट आणि तूपही याच कप्प्यात आहेत: जी-एच-ए-टी-एस आणि जी-एच-ई-ई-एस ही दोन्ही अनेकवचनं इंग्रजी स्क्रॅबलमध्ये, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या मांडून शब्द जुळवायच्या खेळात, चालतात.

दुसरा कप्पा सगळ्यांत भरलेला, जोडी तिसऱ्या-चौथ्या चौकटीत: लाइट, नाइट, राइट, माइट, फाइट, साइट, टाइट, एट, ऑट. पाचवं अक्षर टी, आणि जोडी मुकी. साइज (उसासे), हाइज (उच्चांक) असे एसने संपणारे थोडे आहेत, त्यांतही ती मुकीच. पूर्वी ती मुकी नव्हती. नाइटमध्ये ख़सारखा घशातून घासून येणारा आवाज होता. जर्मन ‘नाख्ट’मध्ये आणि स्कॉटलंडच्या ‘निख्ट’मध्ये तो अजून ऐकू येतो. इंग्लंडात आवाज गेला, छापलेलं स्पेलिंग राहिलं. पुढे तर जिथे तो आवाज कधीच नव्हता त्या डिलाइटमध्येही लाइटच्या देखादेखी जी-एच घुसवला गेला. मुलांनी वैतागावं असंच हे प्रकरण आहे.

तिसरा कप्पा अडचणीचा, जोडी शेवटी. इथे जोडीआधीचं अक्षर पाहायचं. आय असेल तर जोडी मुकी: वे (वजन करणे), ने (खिंकाळणे), थाय (मांडी). यू असेल तर नियम सांगायच्या भानगडीत पडू नये, सहा शब्द सरळ पाठ करावेत. लाफ, रफ, टफ, कफ यांत फ. डो (मळलेली कणीक) आणि बाउ (फांदी) यांत मुकी. मोठ्या शब्दांकडे वळताना आयचा नियम सोबत टिकतो, यूचा भरवसा नाही: इनफ (पुरेसं) मध्ये फ, दो (जरी) मध्ये काहीच नाही. यूनंतर जी-एच-टी आलं की जोडी मुकी, हे थॉट, टॉट, बॉटला लागू पडतं, पण ड्राफ्टच्या ब्रिटिश स्पेलिंगला नाही. अमेरिकेत तो शब्द सरळ एफने लिहितात.

हेच कप्पे खेळातही कामी येतात. स्क्रॅबलच्या 100 सोंगट्यांत जी 3 आणि एच 2 असतात. गुण अनुक्रमे 2 आणि 4. लाइट मांडला तर 9 गुण, फाइट किंवा वे मांडला तर 12. थायचेही 12च, पण त्यात दोन्ही एच खर्ची पडतात, म्हणून तो शेवटाकडे राखून ठेवावा.

वर्डल हा पाच अक्षरी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा खेळ. अक्षर योग्य जागी असेल तर चौकट हिरवी होते, शब्दात असून जागा चुकली तर पिवळी, शब्दात नसेल तर राखाडी. त्यात आय-जी-एच-टी हिरवे झाले की माणूस खूश होतो आणि तिथेच अडकतो. पुढच्या एका चौकटीसाठी एल, एम, एन, आर, एस, टी, एफ, ई असे आठ उमेदवार असतात. एकेक करून पाहिले तर प्रयत्न संपतात. त्याऐवजी फिल्म्स हा शब्द टाकावा: एफ, एल, एम, एस चारही एका फटक्यात तपासून होतात. त्यांतलं काहीच लागलं नाही तर एंटर टाकावा. ई हिरवा झाला तर एट, एन किंवा आर पिवळा झाला तर नाइट किंवा राइट. तिन्ही राखाडी राहिले तर टाइट. एंटरमधला टी पिवळा दिसतोच, कारण शब्दाच्या शेवटी टी आहे. त्यावरून पहिलं अक्षर टी ठरवू नये. हार्ड मोडमध्ये, म्हणजे सापडलेली अक्षरं पुढच्या प्रत्येक प्रयत्नात वापरावीच लागतात त्या प्रकारात, मात्र ही युक्ती चालत नाही.

सध्याच्या सहावीला पुढची जोडी द्यायची तर सी-के द्यावी. ती शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, त्यामुळे पहिला कप्पा रिकामाच. ब्लॅक, क्लॉक, ट्रक यांत तिच्याआधी एकच स्वर. स्पीक, ब्रेक, क्लोक यांत दोन स्वर शेजारी, म्हणून नुसता के. क्विकमध्ये यू आणि आय शेजारी दिसतात आणि मुलं सी गाळतात. तिथला यू क्यूचा जोडीदार आहे, तो स्वरांत मोजायचा नाही.