सोलापूर–गोवा विमान: आई, मी आणि एकच हेडफोन

सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून विमान उडणार, हे ऐकून ऐकून आमच्या घरात त्याची चेष्टाच झाली होती. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरूही झालं, तरी आईचं एकच: "आधी मी बसते, मग विश्वास ठेवते." म्हणून मागच्या महिन्यात तिला बसवलं. तिचा पहिलाच विमानप्रवास.

आदल्या रात्री तिच्या फोनवर हरिपाठ भरून ठेवला, असं मला वाटलं होतं. विमानात बसल्यावर फ्लाइट मोड लावला आणि हरिपाठ गप्प. मी तो नुसता यादीत टाकला होता, डाउनलोड केलाच नव्हता. आई माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती मला शाळेपासून ओळखीची आहे. तेव्हा घरून निघायच्या आधी फ्लाइट मोड लावून गाणं, पिक्चर, जे काय असेल ते एकदा वाजवून बघा. वाजलं तरच ते फोनमध्ये आहे. बोर्डिंग पासचाही स्क्रीनशॉट काढून ठेवा, रांगेत नेटची चक्री बघत उभं राहायला नको. आणि फ्लाइट मोड लावला की बऱ्याच फोनमध्ये ब्लूटूथही बंद पडतं, ते वेगळं चालू करावं लागतं. इअरफोन बिघडले म्हणून मी उगाच पाच मिनिटं डबीशी झटापट केली.

पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, हातातल्या बॅगेतच ठेवा. १०० वॉट-अवरपर्यंतची चालते, म्हणजे नेहमीची २०,००० एमएएचची (साधारण ७४ वॉट-अवर) आरामात बसते. पण विमानात तिच्यावर फोन चार्ज करायचा नाही, त्यामुळे फोन घरूनच भरून न्या. शेंगा चटणीची पाकिटं मात्र आम्ही खुशाल मोठ्या बॅगेत टाकली.

आता हेडफोनचं. हे एटीआर जातीचं विमान, पंख्यांचं. जेटपेक्षा आवाज वेगळा, यंत्रमाग चालू असलेल्या घराशेजारी बसल्यासारखी एकसुरी घरघर. नॉइज कॅन्सलिंगवाले हेडफोन असल्याच आवाजावर चालतात: बाहेरचा आवाज माइकने टिपायचा आणि त्याच्या उलटी लहर कानात सोडायची. खालच्या पट्टीतली सलग घरघर त्यांना जमते. मागच्या रांगेतल्या बाळाचं रडणं जमत नाही. माझ्याकडे असा एकच मोठा हेडफोन होता. आईने तो घातला आणि घरघर नाहीशी झाल्यावर अख्ख्या विमानाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, "इंजिन बंद पडलं का रे?" पुढच्या दोन रांगांनी वळून पाहिलं. घालणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, की बोलताना आवाज बेताने.

हेडफोन नसेल तर मागची सीट घ्या. पंखे पुढच्या बाजूला असल्यामुळे मागे आवाज कमी, आणि या विमानाचं दारही मागेच असल्याने उतरायलाही पहिला नंबर. सुरक्षेच्या सूचना चालू असताना हेडफोन काढा. कर्मचारी सांगतातच, पण आईसारखं कोणी सोबत असेल तर त्या सूचना खरंच ऐकाव्यात.

खिडकी मिळाली तर फोनचा सगळ्यात चांगला उपयोग मी सांगतो. घरीच नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. जीपीएस उपग्रहांचा सिग्नल फक्त घेतं, पाठवत काही नाही, त्यामुळे फ्लाइट मोडमध्येही बहुतेक फोनवर चालतं. फोन खिडकीच्या काचेजवळ धरला आणि दोनेक मिनिटांत निळा ठिपका उमटला. एटीआरचे पंख वर असतात, खाली काही आड येत नाही. भीमेचं वळण नकाशावर आणि खाली, दोन्हीकडे एकदमच दिसलं, तेव्हा आईने हेडफोन काढून ठेवला. हरिपाठ नसल्याचं तिला आठवलंही नाही.

उतरताना मी एक चूक केली. रबरी बोळ्याचे इअरफोन कानात तसेच ठेवून डुलकी काढली. खाली येताना केबिनमधला दाब वाढतो, आणि बोळ्याने कान बंद असला की दडे अजूनच त्रास देतात. उजवा कान गोव्याच्या मोपा विमानतळावर उतरल्यावरही तासभर बंद होता. विमान खाली यायला लागलं, की कानातलं काढून डबीत ठेवा, लिमलेटची गोळी चघळा, घोट गिळत राहा. नाक धरून फुंकायचं झालं तर अगदी हळू. सर्दी असेल तर आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि फोन सीटच्या फटीत पडला, तर सीट मागेपुढे करून शोधू नका. फोन चेपला तर बॅटरी पेट घेऊ शकते. कर्मचाऱ्यांना बोलवा. आमच्या पुढच्या काकांनी तेच केलं, फोन मिळालाही, पण तोवर भीमा मागे राहिली होती.

परतीच्या विमानात आईने खिडकीही घेतली आणि हेडफोनही. मला लिमलेटची गोळी दिली.