आमची वाटचाल : माळावरचे स्मृतिवन

सासवडजवळच्या वडिलोपार्जित वीस गुंठ्यांवर पत्नीने आणि मी रोपवाटिका सुरू केली, तेव्हा आमच्याकडे सगळ्यांकडे असतात तीच रोपे होती : गुलमोहर, सोनमोहर, रेन ट्री, सुबाभूळ आणि शोभेचे पाम. गिऱ्हाईक तेच मागत असे, आणि ही रोपे भराभर वाढत असल्याने पिशव्यांत अडकलेला पैसा लवकर मोकळा होत असे. देशी झाडांकडे आम्हाला वळवले ते एका स्मृतिवनाच्या फसलेल्या कामाने, म्हणून आमची हकिगत त्या कामापासून सांगतो.

पुणे जिल्ह्यात आप्तांच्या स्मरणार्थ झाड लावणे नवे नाही. खेड तालुक्यातील रानमळा या गावाने जन्म, विवाह, मुलीची पाठवणी आणि मृत्यू अशा प्रत्येक प्रसंगी झाड लावण्याचा पायंडा पाडला. त्यातील मृत्यूनंतरच्या झाडाला तेथे ‘स्मृतिवृक्ष’ म्हणतात, आणि पुढे राज्य शासनानेही हा ‘रानमळा पॅटर्न’ इतर गावांपुढे ठेवला. आमच्याकडे आलेले पहिले काम त्याच धर्तीचे होते. गायरानातल्या मुरमाड माळावर दिवंगतांच्या नावाने ओळीत झाडे लावायची, प्रत्येक झाडापाशी पत्र्याची पाटी उभी करायची, आणि देयक मिळणार ते खड्ड्यांच्या आणि रोपांच्या संख्येवर. किती झाडे जगली पाहिजेत याचा करारात उल्लेख नव्हता. तो असावा असे आम्हीही सुचवले नाही, ही आमची चूक होती.

अशा माळावर मातीचा थर जेमतेम वीतभर असतो, त्याखाली मुरूम आणि मग कातळ. पाऊस वर्षाला साधारण 500 ते 600 मिलिमीटर. तेथे खड्डा घेऊन बाहेरून आणलेली काळी माती भरली, की त्या खड्ड्याची कुंडी होते : पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात, आणि जी वाचतात ती मुरमात शिरण्याऐवजी मऊ मातीतच गोल फिरत राहतात. मादागास्करहून आलेला गुलमोहर आणि अमेरिका खंडातून आलेला रेन ट्री टँकरच्या पाण्यावर दोन पावसाळे तगले, आणि टँकर थांबल्यावर ओळीच्या ओळी वाळल्या. त्या वर्षीच्या पितृपक्षात गावातील एक आजी रोपवाटिकेत आल्या आणि म्हणाल्या, “दादा, आमच्या मालकांचं झाड वाळलं. दुसरं लावलं तर ते त्यांचंच व्हईल का?” मला त्यांना उत्तर देता आले नाही. ज्या घरातले माणूस एकदा गेले आहे, त्या घराला दरवर्षी वाळण्याची शक्यता असलेल्या झाडाशी आपण बांधून ठेवले आहे, हे मला त्या दिवशी कळले.

तेव्हापासून आम्ही एका झाडाला एक नाव देत नाही. सगळी नावे प्रवेशापाशी घडीव काळ्या दगडावर कोरतो, आणि वन सर्वांचे मिळून असते. या अटीमुळे काही कामे हातची गेली, कारण आपले झाड वेगळे ओळखता यावे अशी इच्छा असणे स्वाभाविकच आहे. तरीही ही अट आम्ही सोडलेली नाही.

देशी रोपे तयार करायला शिकण्यात पुढची काही वर्षे गेली. बाभळीचे बी शेळ्यांच्या वाड्यातून गोळा करावे, कारण शेळीच्या पोटातून गेलेले बी लवकर रुजते, हे आम्हाला एका धनगर कुटुंबाने सांगितले. कडुनिंबाचे बी काही आठवड्यांतच निकामी होते, म्हणून निंबोळ्या पडतील तशा पेराव्या लागतात. बहाव्याचे कवच मात्र इतके कठीण, की ते घासल्याशिवाय पाणी आत शिरत नाही. सर्वांत जास्त दमवले धावड्याने. त्याचे बहुतेक बी पोकळच असते, आणि पोतेभर बी पेरूनही गादीवाफ्यावर थोडीच रोपे दिसतात. ज्या वर्षी धावड्याची रोपे धडपणे हाती आली, त्या वर्षी आम्ही विदेशी रोपांची विक्री बंद केली.

तरी खरी समज आली ती गवताची. सरकारी दप्तरात माळ ‘पडीक’ म्हणून लिहिला जातो, आणि तो शब्द वाचूनच लोक त्यावर झाडे दाटीने लावायला निघतात. वास्तविक दख्खनचा माळ हा स्वतंत्र अधिवास आहे. चिंकारा, लांडगा, माळटिटवी, चंडोल यांना तो मोकळाच लागतो. 2021 नंतर पुरंदर तालुक्यातील एका गावाने करोनाच्या साथीत गेलेल्या माणसांसाठी, ज्यांतील अनेकांना शेवटचा खांदाही घरच्यांना देता आला नव्हता, स्मृतिवन करायचे ठरवले. तेव्हा आम्ही ग्रामसभेत आराखडा मांडला तो असा : ओढ्याच्या काठाने उंबर, करंज आणि अर्जुन, चढावर विरळ हिवर, बोर, पळस, आपटा आणि धावडा, आणि मधला सगळा माळ गवताचा. गवताला स्मारक कोण म्हणेल, असे वडीलधाऱ्यांनी विचारले. दोन सभा त्यावरच गेल्या, आणि अखेर एक पावसाळा पाहून ठरवू, एवढीच मुभा मिळाली.

शेडा, पवन्या आणि मारवेल या गवतांचे बी आम्ही दिवाळीच्या सुमारास जवळच्या माळांवरून हाताने ओरबाडून आणले होते. ताजे बी नीट उगवत नाही, म्हणून ते पुढच्या जूनपर्यंत कोरडे ठेवले, आणि पहिल्या पावसात माती व शेणात कालवून फेकले. जमीन नांगरली नाही. कुसळी हे गवत पेरावे लागले नाही, कारण त्याचे कुसळ दमटपणाने पीळ घेत बी स्वतःच जमिनीत रुतवते. आमच्या बायामाणसांचे मुख्य काम गाजरगवत फुलावर येण्याआधी उपटण्याचे होते, आणि त्या कामाला सुट्टी नसते. भाद्रपदात शेडा कमरेपर्यंत वाढला, खडकाच्या कडेला तरवड पिवळा झाला, सकाळच्या उन्हात विष्णुक्रांतेची निळी फुले उमलली. नेमक्या त्याच दिवसांत पितृपक्ष येतो. सर्वपित्री अमावस्येला घरोघरची माणसे दगडापाशी आली आणि नंतर बराच वेळ गवतातल्या पायवाटेवर हिंडत राहिली. त्यानंतर ग्रामसभेने मधला माळ मोकळा ठेवण्याचा ठराव केला.

आता आम्ही पाच वर्षांच्या देखभालीशिवाय काम घेत नाही. बी झडेपर्यंत चराई बंद, नंतर गावाने गवत कापून न्यावे, आणि उन्हाळ्यात माळटिटवी जमिनीवर अंडी घालते तेव्हा माळावर वाहन आणू नये, हे करारातच लिहिलेले असते. उत्पन्न पूर्वीपेक्षा कमी आहे. रोपवाटिका आणि तेथे काम करणाऱ्या सहा घरांची रोजी त्यातून चालते.

आमच्या त्या पहिल्या गावातील जागा यंदा आम्ही स्वखर्चाने पुन्हा हाती घेतली आहे. गंजलेल्या पाट्या काढून नावे दगडावर कोरून झाली असून, त्या आजींनी आपल्या मालकांचे नाव हात फिरवून तपासून घेतले. जूनमध्ये गवताचे बी टाकले आहे. खालच्या अंगाचे जुने खड्डे अजून बुजवायचे आहेत, त्यामुळे ओढ्याकाठची करंजे पुढच्या पावसाळ्यात लावली जातील.