मे महिन्यातला हीटर

दुपारचे अडीच, नागपूरच्या व्हेरायटी चौकातला सिग्नल आणि माझ्या गाडीत हीटर चालू. फुल्लवर. चारही काचा खाली. शेजारच्या मोपेडवर दुपट्ट्यातून फक्त डोळे दिसणारी एक मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. मला तिच्याकडे बघायची सवड नव्हती, मी इंजिनाचा ताप दाखवणारा काटा बघत होतो. लाल रेघेच्या जरा अलीकडे तो थरथरत होता, आणि पायाशी अशी झळ येत होती की डॅशबोर्डखाली कोणी चूल पेटवून भाकरी टाकल्या असाव्यात.

गाडी घेतली अक्षय तृतीयेला, 62 हजारात. कंपनी सांगत नाही, तिचा काही दोष नाही. विकणाऱ्यानं ‘सिंगल ओनर आहे भाऊ’ म्हणत टायरला लाथ मारून दाखवली. मग मीही मारली. टायरला लाथ मारून नेमकं काय कळतं हे मला आजवर उमगलेलं नाही, पण न मारता सौदा केला तर माणूस अगदीच अडाणी दिसतो. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या, लिंबू-मिरची बांधली, टेकडीच्या गणपतीला नेऊन आणली. तिथवर झकास गेली. चौथ्या दिवशी सेल्फ घेईना. सहाव्या दिवशी मागचं डावं दार आतून उघडेना. तेव्हापासून तिकडे बसणाऱ्याला बाहेरून जाऊन उतरवून घ्यावं लागतं, नवरीसारखं. आठव्या दिवशी काटा चढला.

‘गरम होऊन राहिली न?’ मेकॅनिकनं बॉनेट उघडायच्या आधीच विचारलं. मी रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला तर ओरडला, ‘कुकर आहे तो! थंड होऊ द्या.’ अर्ध्या तासानं त्यानं फडकं धरून झाकण फिरवलं. आत हिरवं किंवा गुलाबी कूलंट असायला हवं होतं. होता टपरीवरचा चहा. आणि झाकणाच्या आतून पांढरा, खडबडीत थर. ‘पयल्या मालकानं बोअरचं पाणी टाकलं, दुसरं काय.’

तो थर मी ओळखला. मार्चमध्ये माळ्यावरून कूलर काढला की मागच्या साली पंपावर धरलेला खार असाच खरवडून काढावा लागतो, जुन्या ताट्या काडकन मोडतात, आणि घरातलं कोणीतरी दरवर्षी म्हणतं, या वर्षी खस चांगला आणू. माझ्या गाडीच्या पोटात तोच खार बसला होता. आपलं घर आणि आपली गाडी एकाच आजारानं धरलेली आहे हे कळल्यावर मला उगाच जरा बरंही वाटलं.

‘रेडिएटर खोलावा लागते. तोवर हीटर लावून चालवा.’

मला वाटलं, मस्करी करतोय. पण करत नव्हता. हीटर म्हणजे गाडीतला दुसरा, छोटा रेडिएटर. इंजिनाचं तापलेलं पाणी त्यातून फिरतं, पंखा त्याची उष्णता आत फेकतो. म्हणजे इंजिनाचा ताप उतरवायचा तर तो आपल्या नडग्यांवर घ्यायचा. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते भाजणारे नऊ दिवस सुरू, बाहेर पंचेचाळीस. हिवाळ्यात पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना कौतुकानं दाखवायचं बटण मी मे महिन्यात दाबलं.

काकांची आठवण त्या सिग्नललाच आली. काकांच्या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला होता, आणि सुट्ट्यांत अमरावतीला जाताना ती कोंढाळीच्या आसपास कुठेतरी थांबायचीच. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. काकू दशम्यांचा डबा काढायची, आम्ही पोरं बाभळीखाली आक्रसलेल्या सावलीत उकिडवी बसायचो, आणि काका टॉवेल ओला करून बॉनेटवर पसरायचे. मग मधूनमधून येऊन टॉवेलखाली तळहात ठेवायचे. लगेच उचलला तर ‘अजून नाही’. पाचेक आकडे मोजेपर्यंत टिकला तर ‘चला रे, बसा’. काटा त्या गाडीला होता की नाही, होता तर चालत होता का, मला आठवत नाही. आम्हाला गोवर आला तेव्हाही त्यांनी थर्मामीटर असताना तसाच हात ठेवला होता, कपाळावर, पाच आकडे.

शेवटच्या दवाखान्यात त्यांच्या उशाशी तीन स्क्रीन होते. मी सगळा वेळ ते आकडेच वाचत बसलो.

मागून हॉर्न वाजला. सिग्नल कधीच सुटला होता, मुलगीही गेली होती. घरी पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला, चपलेत घाम. बायकोनं दारातच विचारलं, ‘एसीची गाडी घेतली होती ना आपण?’ मी म्हटलं, ‘एसी आहे. लावता येत नाही.’

रेडिएटर आता गॅरेजमध्ये खोलून पडलाय. सोमवारी देतो म्हणाला. कोणत्या, ते विचारायचं राहिलं.