ट्रान्सफर पोर्टल आणि १५ जणींचा संघ

अमेरिकेतल्या महिला कॉलेज बास्केटबॉलमध्ये संघबांधणीचा खरा कस एप्रिलमध्ये लागतो. कॉलेज बदलायचं असल्याचं खेळाडूने लेखी कळवल्यावर तिच्या कॉलेजने तिचं नाव कामकाजाच्या दोन दिवसांत ट्रान्सफर पोर्टलवर, म्हणजे बदली हवी असलेल्या खेळाडूंच्या ऑनलाइन यादीत, टाकायचं असतं. मुदत असते ती नाव नोंदवण्याला. नवं कॉलेज नंतर निवडलं तरी चालतं. २०२४ पासून बदल्यांच्या संख्येवर बंधन नाही, अभ्यासाची अट मात्र कायम आहे. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण हवा, चौथ्याला ६०. घोडं अडतं ते इथेच. नव्या कॉलेजने जुने क्रेडिट, म्हणजे आधी पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक, धरले नाहीत, तर उत्तम गार्डही (बॉल हाताळून खेळ रचणारी खेळाडू) बाकावर बसते. म्हणून व्हिडिओंच्या आधी गुणपत्रिका मागवावी, असं माझं ठाम मत आहे.

एलएसयूने (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) २०२३चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं ते बदलीवर आलेल्यांच्या जोरावर. एंजेल रीस मेरीलँडहून आली होती. अंतिम सामन्यात २२ गुण करणारी जॅस्मिन कार्सन वेस्ट व्हर्जिनियाहून, तीही बाकावरून उतरलेली! नुसत्या तारका जमवून हे जमत नाही; मोजक्या मिनिटांत नेम साधणारी नेमबाजही शोधावी लागते.

आणि संख्या? १५ जणींचा संघही दुखापतींपुढे अपुरा पडू शकतो. जानेवारी २०२४ मध्ये दुखापतींमुळे टीसीयूला (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) दोन सामने सोडून द्यावे लागले, विद्यापीठातल्या मुलींची खुली चाचणी घ्यावी लागली. पुढच्या हंगामात गार्ड हेली व्हॅन लिथ तिथे बदलीवर आली आणि संघ राष्ट्रीय स्पर्धेत प्रथमच शेवटच्या आठांत पोहोचला. तरी बॉल हाताळणाऱ्या किमान तिघी हव्यातच.