आमची वाटचाल : लक्ष फेरूलच्या टोकावर

आमची सुरुवात ऑप्टिकल फायबरच्या स्प्लायसिंगच्या, म्हणजे काचेचे तंतू वितळवून जोडण्याच्या, कामांपासून झाली. पुढे पिगटेल (एका टोकाला कनेक्टर असलेली फायबर), पॅचकॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली) स्वतःच बनवायला घेतल्या आणि तेव्हापासून सगळं लक्ष फेरूलच्या, म्हणजे कनेक्टरमध्ये फायबर धरणाऱ्या बारीक नळीच्या, टोकावर आलं. अडीच मिलिमीटर व्यासाचा, झिर्कोनिया या कठीण सिरॅमिकचा फेरूल, त्यात 125 मायक्रॉनची फायबर आणि सिंगल मोडमध्ये (प्रकाशाला एकच मार्ग असलेल्या फायबरमध्ये) प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा.

मायक्रोस्कोपखाली ओरखडा दिसला नाही की माल पास, ही या कामातली सरधोपट रीत. पण टोक स्वच्छ असूनही रिटर्न लॉस (मागे परतणारा प्रकाश किती कमी आहे याचं माप, जास्त तेवढं चांगलं) 50 डेसिबलपर्यंत पोचत नाही, कॉर्ड काढून पुन्हा लावली की इन्सर्शन लॉस (जोडात वाया जाणारा प्रकाश) बदलतो, अशा कॉर्ड अधूनमधून हाती यायच्याच. त्यांचा छडा लावायला आम्ही इंटरफेरोमीटर (प्रकाशलहरींच्या पट्ट्यांवरून टोकाचा आकार मोजणारं यंत्र) घेतला. आवाक्याबाहेरचा खर्च होता, तरी घेतला.

पहिल्याच कॉर्डचे गोल पट्टे पडद्यावर उमटले आणि त्यांचं केंद्र फायबरपासून बाजूला सरकलेलं दिसलं. पॉलिश केलेलं टोक किंचित घुमटाकार असतं. त्याचा सर्वांत उंच बिंदू फायबरच्या मध्यापासून 50 मायक्रॉनहून जास्त सरकला, तर दोन फेरूल भलत्याच जागी टेकतात आणि काचेला काच नीट भिडत नाही. मधे हवा राहिली की काच-हवेच्या प्रत्येक सीमेवर साधारण साडेतीन टक्के प्रकाश परततो. दोन सीमांचे मिळून 0.3 डेसिबलच्या आसपास गेले आणि लेझरकडे परतणारा प्रकाश वेगळाच.

घुमटाच्या वक्रतेची त्रिज्या आणि फेरूलच्या पृष्ठभागापासून फायबरची उंची यांचंही गणित याच्याशी जोडलेलं आहे. फायबर काही नॅनोमीटर आत असली तरी चालते, कारण कनेक्टरमधल्या स्प्रिंगच्या दाबाने झिर्कोनिया किंचित दबतो आणि गाभे भिडतात. त्रिज्या फार मोठी झाली की दाब पसरतो आणि ही सवलत संपते. पॉलिशिंगच्या शेवटच्या सिलिका फिल्मवर जास्त वेळ ठेवलं की काच झिर्कोनियाच्या आधी झिजते. म्हणून आमच्याकडे पॉलिशिंगची वेळ, दाब आणि रबर पॅडचा कडकपणा वहीत नोंदवल्याशिवाय बॅच सुरू होत नाही. पॅड मऊ पडला की त्रिज्या कमी होते, हे त्या नोंदींतच लगेच दिसतं.

टोक 8 अंश तिरकं घासलेल्या एपीसी कनेक्टरमध्ये तर फेरूल कीच्या (कनेक्टर एकाच दिशेने बसवणाऱ्या खुंटीच्या) तुलनेत जरा फिरला तरी ऑफसेट, म्हणजे उंच बिंदूचं ते सरकणं, वाढतो, त्यामुळे जिगची (पॉलिशिंगवेळी फेरूल धरणाऱ्या साच्याची) तपासणी मी अजून स्वतःच करतो. ऑफसेट, त्रिज्या, उंची हे तिन्ही आकडे प्रत्येक कॉर्डसोबत छापून जातात, ग्राहकाने मागितले नसले तरी.