उसाची चिपाडे आणि सोयाबीनचे तेल
आमच्या सांगलीकडे उसाची चिपाडे म्हणजे गुऱ्हाळाच्या चुलवाणाचे जळण. त्यांचे तंतू सोयाबीन तेलापासून केलेल्या रेझिनने, म्हणजे तापवल्यावर कडक होणाऱ्या चिकट पदार्थाने, जोडून फळी करायची म्हटल्यावर घरच्यांनी मला वेड्यात काढले. सोयाबीन तेलाच्या एका रेणूत सरासरी साडेचार दुहेरी बंध असतात. त्या जागी इपॉक्सी गट (एक ऑक्सिजन आणि दोन कार्बन अणूंची छोटी कडी) बसवले की तेच तेल हार्डनर, म्हणजे घट्ट करणारे रसायन, आणि उष्णतेच्या साहाय्याने जाळीदार रेझिन बनते. असे तेल पीव्हीसी मऊ करण्यासाठी वापरतात, म्हणून ते बाजारात तयार मिळते.

माझी पहिली फळी कुपवाडच्या मित्राच्या भट्टीतून फुगूनच बाहेर आली. कापून पाहिले तर आत मोहरीएवढे बुडबुडे, आणि तंतू बोटाने ओढताच सुटून येत होते. चूक माझीच: उसाचा तंतू हवेतला ओलावा धरून ठेवतो आणि तेलाला पाण्याचे वावडे. दुसऱ्या खेपेस चिपाडे कुटून, रेझिन पिऊन टाकणारा गाभ्याचा भुसा चाळून काढला आणि तंतू सौम्य कॉस्टिक सोड्यात भिजवून, स्वच्छ धुऊन, १०५ अंशांवर पूर्ण वाळवले. सोड्याने लिग्निनचा (तंतूंना बांधून ठेवणाऱ्या नैसर्गिक घटकाचा) काही अंश निघून जातो, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि रेझिनची पकड बसते.

आता बुडबुडे नाहीत. मात्र तेलाच्या लांब साखळ्यांमुळे फळी अजून लवते, म्हणून सध्या तिच्यावर फक्त कुंड्या ठेवल्या आहेत.